पोर्शे ९११ मधील तेलशीतन

पोर्शे ९११ मधील तेलशीतन म्हणजे जर्मन मोटार कंपनी पोर्शे हिच्या ९११ या स्पोर्ट्स कारच्या हवाशीतित इंजिनातील वंगण तेलाचे तापमान योग्य मर्यादेत राखणारी व्यवस्था होय. १९६४ पासून १९९८ पर्यंत ९११ चे सहा सिलिंडरचे इंजिन पाण्याऐवजी हवा आणि तेल यांच्या साहाय्याने थंड केले जात असे. त्यामुळे या गाडीत तेलाकडे दुहेरी काम येते. ते फिरणाऱ्या भागांना वंगण पुरवते आणि इंजिनातील उष्णतेचा मोठा वाटा बाहेर वाहून नेते.

या मालिकेतील जुन्या गाड्या आज जतन करून वापरल्या जातात. अशा गाडीवर जादा ऑइल कूलर बसवावा की नाही, हा त्यांच्या मालकांपुढे नेहमी येणारा प्रश्न आहे. कूलर बसवणे खर्चाचे असते आणि त्यासाठी मूळ गाडीत फेरफार करावे लागतात. उलट, तो आवश्यक असताना टाळल्यास इंजिनाचे नुकसान होऊ शकते. गाडीचे मॉडेल, तेथील हवामान, गाडीचा वापर आणि प्रत्यक्ष मोजलेले तापमान या चार गोष्टींवर निर्णय अवलंबून असतो. त्यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असून व्यवहारात तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९६३ मधील फ्रँकफर्ट मोटार प्रदर्शनात ही गाडी ९०१ या क्रमांकाने सादर झाली. मधला अंक शून्य असलेल्या तीन अंकी नावांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे नाव बदलून ९११ करण्यात आले. सुरुवातीचे इंजिन १,९९१ घन सेंटिमीटर क्षमतेचे व १३० अश्वशक्तीचे होते. सहा सिलिंडर आडवे, समोरासमोर तीन-तीन अशा रचनेत बसवलेले होते. सिलिंडर व त्यांची डोकी यांवरील पातळ पंखांसारख्या कडांवरून हवा खेळवण्यासाठी पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा असे. त्याच पंख्याच्या मध्यभागी अल्टरनेटर बसवलेला असतो.

हवाशीतित इंजिनात सिलिंडरच्या बाहेरील कडांवरून पुष्कळ उष्णता निघून जाते. परंतु पिस्टनचा माथा, क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कॅमशाफ्ट आणि झडपांच्या दांड्या या आतील भागांपर्यंत हवा पोहोचत नाही. तेथील उष्णता तेलच उचलते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून इंजिनात पिस्टनच्या खालच्या बाजूवर तेलाचे फवारे सोडण्याची सोय करण्यात आली. त्यामुळे पिस्टन अधिक थंड राहू लागले, पण तेलावरील उष्णतेचा भार तेवढाच वाढला. स्पोर्टोमॅटिक ही अर्धस्वयंचलित गिअरपेटी असलेल्या गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरलाही इंजिनाच्याच साठ्यातील तेल पुरवले जाई. साहजिकच गर्दीच्या रस्त्यावर अशा गाडीतील तेल लवकर तापते.

तेलाचा मार्ग

सामान्य मोटारीत इंजिनाच्या तळाशी असलेल्या पात्रात तेल साठते. ९११ मध्ये ‘ड्राय संप’ म्हणजे कोरड्या तळाची पद्धत वापरली आहे. तळाशी जमा होणारे तेल एक पंप सतत उपसून वेगळ्या टाकीत नेतो. दुसरा पंप टाकीतील तेल दाबाने इंजिनात पाठवतो. वेगाने वळण घेताना तेल एका बाजूला लोटले जाऊन बेअरिंगे कोरडी पडण्याचा धोका या पद्धतीत फार कमी असतो. टाकी गाडीच्या मागील उजव्या चाकाजवळ असते. १९७२ च्या मॉडेलमध्ये ती चाकाच्या पुढे सरकवून तेल भरण्याचे झाकण गाडीच्या बाहेरील अंगावर देण्यात आले होते. काही पेट्रोल पंपांवर त्या झाकणातून तेलाच्या टाकीत पेट्रोल ओतण्याचे प्रकार घडले आणि पुढच्याच वर्षी टाकी पूर्वीच्या जागी परत गेली.

या मार्गावर दोन ठिकाणी तेल थंड होऊ शकते. पहिला कूलर इंजिनालाच, उजव्या बाजूस, जोडलेला असतो आणि त्याला मुख्य पंख्याची हवा मिळते. तो दाबाच्या बाजूला, म्हणजे तेल बेअरिंगांकडे जाण्याआधी लागतो. हा कूलर बहुतेक जुन्या ९११ मध्ये असतो. दुसरा कूलर गाडीच्या पुढच्या उजव्या मडगार्डच्या आत, चाकाच्या पुढे असतो. तो उपसा पंप आणि टाकी यांच्या दरम्यान, परतीच्या बाजूला येतो. हा कूलर सर्व गाड्यांत नसतो. जादा कूलरची चर्चा मुख्यतः या दुसऱ्या कूलरविषयी असते.

दोन्ही कूलरांकडे जाणाऱ्या तेलावर थर्मोस्टॅटचे नियंत्रण असते. तेल थंड असताना थर्मोस्टॅट ते कूलरकडे न पाठवता सरळ पुढे सोडतो. तापमान सुमारे ८५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचल्यावर तो उघडू लागतो. बाहेरील कूलरच्या थर्मोस्टॅटमध्ये दाब मुक्त करणारी झडपही असते. थंडीच्या सकाळी दाट तेल कूलरच्या अरुंद नळ्यांतून जबरदस्तीने ढकलले जाऊन कूलर फुटू नये, हा तिचा हेतू आहे.

बाहेरील कूलरचा विकास

१९६९ च्या मॉडेलमध्ये यांत्रिक इंधन फवारणी असलेल्या ९११ एस या शक्तिमान गाडीला प्रथमच पुढच्या मडगार्डमधील कूलर कारखान्यातूनच मिळाला. ९११ टी सारख्या कमी शक्तीच्या गाड्यांना तो दिला गेला नाही. त्यांना इंजिनावरील कूलर पुरेसा आहे असा कारखान्याचा निष्कर्ष होता आणि युरोपातील सामान्य वापरापुरता तो योग्यच ठरला.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक गाड्यांत वळणदार नळीचा साधा कूलर वापरला गेला. त्याच्या आकारावरून त्याला ‘ट्रॉम्बोन’ हे वाद्याचे नाव पडले. तो खरे तर कूलर म्हणण्यापेक्षा लांबवलेली नळीच आहे. गाडी वेगात असताना तो काही अंश तापमान उतरवतो. गाडी उभी असताना त्याचा उपयोग जवळपास शून्य असतो. ९११ एससी या १९७८ पासूनच्या मॉडेलच्या उत्तरार्धात २८ नळ्यांचा पितळी कूलर आला. १९८४ ते १९८९ दरम्यानच्या ३.२ लिटर कॅरेराच्या नंतरच्या गाड्यांत रेडिएटरसारखा जाळीदार कूलर आणि पुढे त्याला विजेवर चालणारा पंखाही बसवण्यात आला. हा पंखा तेल सुमारे ११८ अंशांवर गेल्यावरच सुरू होतो. यावरून कारखाना कोणत्या तापमानाला खरी चिंतेची बाब मानत होता, याचा अंदाज येतो. तेलाच्या साठ्यातही वाढ होत गेली. सुरुवातीच्या गाड्यांत सुमारे ९ लिटर तेल मावत असे, तर पुढच्या कूलरसह नंतरच्या गाड्यांत ते सुमारे १३ लिटरपर्यंत गेले.

शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. १९७३ च्या कॅरेरा आरएसआर या गाडीत पुढच्या बंपरच्या मध्यभागी आयताकृती खिडकी ठेवून तिच्यामागे मोठा कूलर बसवला होता. अनेक हौशी मालक केवळ दिसण्यासाठी असा बंपर लावतात. त्यामागे कूलर नसल्यास त्या खिडकीचा तेलाशी काही संबंध उरत नाही.

२.७ लिटर इंजिनाचा प्रश्न

१९७४ ते १९७७ या काळातील २.७ लिटर इंजिने उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक मानली जातात. या इंजिनाचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. तापल्यावर मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावतात. परिणामी सिलिंडरची डोकी आवळून धरणारे पोलादी स्टड ताणले जाऊन क्रँककेसमधील आटे उपटून बाहेर येत. क्षमता २.७ लिटरपर्यंत वाढवल्यामुळे स्टडभोवतीचा धातूही कमी उरला होता.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या या काळातील काही गाड्यांत प्रदूषणाचे नियम पाळण्यासाठी थर्मल रिॲक्टर बसवले होते. न जळलेले इंधन त्यात सिलिंडरच्या डोक्यांलगतच जाळले जाई. त्या उष्णतेत भर म्हणून १९७६ आणि १९७७ च्या काही गाड्यांत मुख्य पंख्याला अकराऐवजी पाच पाती होती. अशा गाड्या कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनासारख्या उष्ण प्रदेशात गेल्यावर तेल सतत फार तापत असे. पुढे १९७८ च्या एससी मॉडेलपासून ॲल्युमिनियमचे क्रँककेस सर्वत्र आले आणि हा दोष बहुतांशी संपला.

२.७ लिटरच्या गाडीवर चांगला बाहेरील कूलर बसवण्याची शिफारस बहुतेक जाणकार करतात. मात्र थर्मल रिॲक्टर आणि पाच पात्यांचा पंखा तसेच ठेवून केवळ कूलर वाढवणे म्हणजे चूल पेटती ठेवून खिडकी उघडण्यासारखे आहे. आधी उष्णतेचा उगम दूर करणे, आटे उपटलेले असल्यास तेथे पोलादी बुश बसवणे आणि त्यानंतर कूलरचा विचार करणे हा योग्य क्रम होय.

योग्य तापमान

तेल जितके थंड तितके चांगले, ही समजूत चुकीची आहे. इंजिनात ज्वलनातून पाण्याची वाफ आणि थोडे पेट्रोल सतत तेलात मिसळत असते. तेल पुरेसे तापले तरच ते उडून जातात. सुमारे ८० अंशांच्या खाली तेल दीर्घकाळ राहिल्यास पाणी साचते, ज्वलनातील आम्लद्रव्यांशी त्याचा संयोग होऊन बेअरिंगे व कॅमशाफ्ट गंजतात आणि झाकणाखाली दुधाळ साका दिसू लागतो. शिवाय थंड तेल दाट असल्यामुळे घर्षण वाढते आणि अरुंद मार्गांतून ते उशिरा पोहोचते.

दुसऱ्या टोकाला, तेल तापत गेले की त्याची विष्यंदिता म्हणजे दाटपणा झपाट्याने घटतो. २०डब्ल्यू-५० या प्रचलित प्रतीच्या तेलाची विष्यंदिता १०० अंशांवर १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावी लागते. १३० अंशांवर ती याच्या निम्म्याच्याही आसपास येते. त्यामुळे बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधील तेलाचा पापुद्रा पातळ होतो आणि तेलाचा दाब उतरतो. तेलाचे ऑक्सिडीकरणही वाढते. दर १० अंशांना त्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. खनिज तेलांच्या तुलनेत संश्लेषित तेले जास्त तापमान सहन करतात. मात्र तेलाने तग धरला म्हणून मॅग्नेशियमचे क्रँककेस, रबरी सील आणि झडपांचे मार्गदर्शक तग धरतीलच असे नाही.

व्यवहारात ८५ ते १०५ अंश हा पट्टा उत्तम समजला जातो. उन्हाळ्यात चढावर किंवा गर्दीत ११० ते ११५ पर्यंत तापमान काही काळ जाणे चिंताजनक नाही. १२० अंशांच्या पुढे ते वारंवार जात असेल आणि मोकळ्या रस्त्यावर आल्यावरही उतरत नसेल, तर कारण शोधणे आवश्यक ठरते. दाबाकडेही याच वेळी पाहावे लागते. गरम इंजिनात दर १,००० फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार दाब मिळावा, असा जुना संकेत आहे.

आधी मोजणी

जुन्या गाडीतील काटा लाल पट्ट्याजवळ दिसला की मालक कूलरच्या शोधात निघतो. परंतु चाळीस-पन्नास वर्षांच्या तापमापकावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे अधिक शहाणपणाचे. वेगवेगळ्या वर्षांत तबकडीवरील खुणा बदलत गेल्या. तबकडी एका वर्षाची आणि संवेदक दुसऱ्या वर्षाचा असे जोड दुरुस्तीच्या ओघात अनेकदा लागलेले असतात. गंजलेल्या जोडणीमुळे किंवा अर्थिंग नीट नसल्यामुळेही काटा भरकटतो.

संवेदक काढून उकळत्या पाण्यात धरणे ही सोपी चाचणी आहे. समुद्रसपाटीजवळ पाणी १०० अंशांना उकळते, तेव्हा काट्याने तीच जागा दाखवायला हवी. दुसरा उपाय म्हणजे गाडी चांगली फिरवून आल्यावर टाकीतील तेलात विश्वासार्ह तापमापक बुडवून पाहणे. मात्र टाकीतील तेल बाहेरील कूलरमधून येत असल्याने, तो कूलर असलेल्या गाडीत दोन आकड्यांत थोडा फरक राहतो.

मोजणी करताना तापमान स्थिरावू देणे महत्त्वाचे आहे. इतके लिटर तेल आणि इंजिनाचा धातू तापायला वेळ लागतो. म्हणून एकसारख्या वेगाने किमान अर्धा तास गाडी चालवल्यावरच आकडा नोंदवतात. त्याच वेळी बाहेरच्या हवेचे तापमानही लिहून ठेवावे लागते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यानंतर तेल आणि हवा यांच्या तापमानातील अंतर, त्याच वेगाला व त्याच भाराला, जवळपास कायम राहते. त्यामुळे २० अंशांच्या दिवशी ११० दाखवणारी गाडी ३५ अंशांच्या दिवशी सुमारे १२५ दाखवेल असा अंदाज बांधता येतो. थंड हवेच्या महिन्यात घेतलेली नोंद पाहून निश्चिंत होणे म्हणूनच फसवे ठरते. आकडा त्या दिवशी बरा दिसतो, पण अंतर मात्र मोठे असते.

कूलर नव्हे, दोष

अनेक गाड्यांच्या बाबतीत तपासणीअंती असे आढळते की गाडी तिच्या मूळ व्यवस्थेवर व्यवस्थित चालू शकते. ती व्यवस्थाच शाबूत राहिलेली नसते. इंजिनाभोवतीचे पत्रे व इंजिन आणि बॉडी यांमधील रबरी पट्टी खाली तापलेली हवा वर येऊ देत नाहीत. त्यातील एखादा पत्रा दुरुस्तीत गहाळ झाला किंवा पट्टी सुकून फाटली, तर पंखा एक्झॉस्टजवळची तापलेली हवाच पुन्हा खेचतो. इंजिनावरील कूलरच्या कडांमध्ये तेल, धूळ आणि पाने यांचा थर साचतो. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांची घरटीही सापडतात. हा थर बाहेरून दिसत नाही. इंजिन उतरवल्यावरच त्याची कल्पना येते.

प्रज्वलनाची वेळ मागे पडली असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर उष्णता वाढते. पंख्याचा पट्टा सैल असल्यास हवा कमी पडते. तेलाची पातळी चुकीची असणे हेही नेहमीचे कारण आहे. ड्राय संप पद्धतीमुळे ९११ मधील पातळी इंजिन गरम झालेले, आयडलवर चालू आणि गाडी सपाट जागेवर असतानाच पाहायची असते. थंड व बंद इंजिनात मोजून तेल ओतणारा मालक टाकी हमखास जास्त भरतो आणि जादा तेल श्वासनळीतून हवेच्या मार्गात जाते.

बाहेरील कूलर असलेल्या गाडीत त्याचा थर्मोस्टॅट अडकला आहे का, हे ओळखण्याची साधी खूण आहे. काटा ९५ च्या वर असताना पुढच्या मडगार्डकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्या जवळपास थंडच असतील, तर तेल तिकडे जातच नाही. अशा गाडीला नवीन कूलर घातला तरी काही फरक पडणार नाही. दोन्ही नळ्या सारख्याच गरम असतील तर तेल जाते पण हवा लागत नाही. नळ्या आणि कूलर भाजण्याइतके गरम असू शकतात, म्हणून ही तपासणी हाताने करण्याऐवजी अवरक्त तापमापकाने करतात. गाडीच्या उजव्या कडेने जाणाऱ्या या लांब नळ्या जॅक लावताना चेपल्या जाण्याचा संभवही असतो.

वापर आणि निर्णय

हे दोष दूर केल्यावरही तापमान वाढलेले राहत असेल, तर प्रश्न गाडीच्या वापराचा उरतो. १९६९ पूर्वीची किंवा ९११ टी सारखी मूळ शक्तीची, सुस्थितीतील गाडी समशीतोष्ण हवामानात रविवारच्या फेरीसाठी वापरली जात असेल, तर जादा कूलरची गरज सहसा नसते. त्याच गाडीत २.४ किंवा ३.० लिटरचे इंजिन बसवलेले असेल तर गणित बदलते. इंजिनाची शक्ती वाढली की उष्णताही वाढते आणि मूळ कूलर मात्र तेवढाच राहतो.

ट्रॉम्बोन कूलर असलेल्या एससीच्या मालकाने उष्ण प्रदेशात गर्दीतून रोज गाडी चालवायची असेल, तर नंतरच्या कॅरेरासारखा जाळीदार कूलर व पंखा हा सरळ उपाय आहे. येथे कूलरचा आकार जितका महत्त्वाचा, तितकाच पंखाही महत्त्वाचा. सिग्नलला उभ्या गाडीच्या मडगार्डमधून आपोआप वारा वाहत नाही. याउलट महामार्गावर तापणारी पण गर्दीत ठीक असणारी गाडी पंख्याने सुधारणार नाही. तिला मोठा कूलर किंवा हवेला मोकळी वाट हवी असते.

शर्यतीच्या ट्रॅकवर सलग वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण वेगाने धावणाऱ्या गाडीला बाहेरील कूलर अनिवार्य समजावा. अशा वापरात तेलाचा प्रवाह मोठा असतो आणि उष्णताही प्रचंड. मिनिटाला ४० लिटर तेल कूलरमधून जात असून ते १५ अंशांनी थंड होत आहे असे धरले, तर तेलाची घनता व विशिष्ट उष्णता लक्षात घेता तो कूलर सुमारे १८ किलोवॉट उष्णता हवेत टाकत असतो. घरगुती वापराचे नऊ मोठे गीझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी ही उष्णता आहे. मडगार्डमधील साधी नळी एवढे काम करू शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कूलर घेण्याविरुद्धचे मुद्देही खरे आहेत. प्रत्येक नवा सांधा गळतीची नवी जागा असतो. तेलाची नळी महामार्गावर सुटली तर ड्राय संपमधील साठा थोड्याच वेळात रस्त्यावर येतो आणि इंजिन वाचत नाही. मूळ पितळी नळ्यांऐवजी सर्वत्र जाळीच्या वेष्टनातील रबरी होज वापरल्यास नळ्यांमधून होणारे थोडेफार शीतन कमी होते. तेल जास्त लागते आणि गाडीच्या पुढच्या भागात काही किलो वजन वाढते. इंजिन मागे असलेल्या या गाडीत ही वाढ मात्र फारशी अडचणीची नाही.

थर्मोस्टॅटविना कूलर

बाजारात मिळणारे काही स्वस्त संच थर्मोस्टॅटशिवाय येतात. ते ९११ वर बसवणे हा कूलर न बसवण्यापेक्षाही वाईट पर्याय असू शकतो. हिवाळ्यात अशा गाडीचे तेल तासभर चालवूनही ७० अंशांवर रेंगाळते आणि वर वर्णन केलेली गंज व साक्याची प्रक्रिया सुरू होते. मालकाला मात्र काटा खाली दिसल्याने समाधान वाटते.

बसवणीतील बाबी

हवा कूलरमध्ये शिरण्याइतकीच बाहेर पडण्याची वाटही आवश्यक असते. पुढच्या मडगार्डमधील कूलरसमोर भोक पाडले तरी चाकाच्या बाजूने हवेला निसटता आले नाही, तर ती कूलरला वळसा घालून निघून जाते. कूलरभोवती पत्र्याची वा रबराची बंदिस्त वाट केल्याने लहान कूलरही मोठ्याइतके काम करू शकतो. धुक्याचे दिवे किंवा हॉर्नची जाळी काढून हवेसाठी जागा करणे हा मूळ गाडीस कापाकापी न करता येणारा मार्ग आहे.

इंजिनातील बेअरिंग पूर्वी कधी निकामी झाले असेल, तर जुन्या कूलरविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते. धातूचे कण कूलरच्या बारीक नळ्यांत अडकून बसतात आणि साध्या धुण्याने निघत नाहीत. नव्याने बांधलेल्या इंजिनाला तोच कूलर जोडल्यास ते कण सुटून नवीन बेअरिंगे खराब करतात. म्हणून अशा वेळी कूलर बदलणे किंवा विशेष यंत्रावर श्राव्यातीत लहरींनी स्वच्छ करून घेणे योग्य मानले जाते. एकदा वाचवलेल्या कूलरमुळे दुसऱ्यांदा इंजिन बांधावे लागणे हा फारच महाग सौदा आहे.

मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुन्या ९११ च्या किमती वाढल्यापासून मूळ स्वरूप जपण्याला आर्थिक अर्थही प्राप्त झाला आहे. ज्या मॉडेलला कारखान्यातून पुढचा कूलर मिळालाच नव्हता, त्याच्या मडगार्डमध्ये पाडलेली भोके पुन्हा बुजवता आली तरी जाणकाराच्या नजरेतून सुटत नाहीत. यामुळे कारखान्याच्याच नंतरच्या वर्षांतील थर्मोस्टॅट, नळ्या व कूलर वापरून, जमेल तेथे मूळ छिद्रांना जोडणारी बसवणी पसंत केली जाते. प्रदर्शनापुरती चालवली जाणारी आणि मोजणीत ८५ ते १०० अंश दाखवणारी गाडी जशी आहे तशी ठेवणेच श्रेयस्कर.

इतर गाड्यांतील स्थिती

हवेने थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तेलाचा कूलर पंख्याच्या आवरणातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत होता. त्या सिलिंडरला आधीच तापलेली हवा मिळत असल्याने तिथली एक्झॉस्ट झडप लवकर जळे. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूच्या वेगळ्या कप्प्यात सरकवून हा दोष दूर करण्यात आला.

पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांत प्रश्न सौम्य असतो, कारण तेलातील उष्णतेचा काही भाग इंजिनातील पाणी शोषून घेते. तरीही ब्रिटनच्या एमजीबी या १९६२ ते १९८० दरम्यान तयार झालेल्या स्पोर्ट्स कारला १९६४ मधील पाच बेअरिंगांच्या इंजिनापासून ऑइल कूलर नेहमीच्या साधनांत समाविष्ट झाला. त्याला थर्मोस्टॅट नव्हता. थंड देशांतील मालक हिवाळ्यात त्याच्यापुढे पुठ्ठा लावतात किंवा नळ्यांमध्ये वेगळा थर्मोस्टॅट बसवून घेतात. ९११ च्या मालकांपुढे बहुधा उष्णतेचा प्रश्न असतो. एमजीबीच्या मालकांना मात्र अनेकदा उलटच काम करावे लागते.